सांगितलं तसंच पोचवायचं

एका जुन्या वाचनालयातली मासिकं आणि दिवाळी अंक स्कॅन करायचं काम आमच्याकडे चालतं. त्यातली कॉम्प्युटरची बाजू मी बघतो, म्हणजे स्कॅन झालेली पानं गोळा करायची, तिरकी असतील ती सरळ करायची, साइज कमी करायची, पीडीएफ बांधायची आणि बॅकअपला टाकायची. हे सगळं शेल स्क्रिप्टनी होतं, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचणाऱ्या शेल या प्रोग्रामला ओळीने लिहून ठेवलेल्या कामांनी. स्क्रिप्ट तशा छोट्याच आहेत, पण त्यांना काम सांगणारी माणसं प्रोग्रामर नाहीत. एक बँकेतून रिटायर झालेले काका आहेत, एक मराठी शिकवणाऱ्या मॅडम आहेत, सुट्टीत येणारी कॉलेजची पोरं आहेत. टर्मिनलमध्ये स्क्रिप्टचं नाव टाकायचं, पुढे फाइलींची नावं द्यायची आणि एंटर मारायचा, एवढंच त्यांना माहीत आणि एवढंच पुरेसं आहे.

ते जे पुढे देतात ना, त्या आर्ग्युमेंट्सबद्दल मला लिहायचंय. शेल शिकवताना हा भाग बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांत उरकतात. डॉलर वन ($1) म्हणजे पहिलं, डॉलर टू ($2) म्हणजे दुसरं, डॉलर हॅश ($#) म्हणजे किती आली, झालं, चला पुढे लूपकडे. माझं मत आता असं झालंय की अख्ख्या स्क्रिप्टमध्ये सगळ्यात जपून लिहायचा भाग हाच आहे, कारण बाकी सगळीकडे मशीन मशीनशी बोलत असतं, इथे मात्र एक माणूस काहीतरी सांगतोय आणि ते स्क्रिप्टला नीट ऐकायचंय.

आणि माणूस कसं सांगतो बघा. काकांनी एका फोल्डरला नाव दिलंय ‘अंक ३ - वाळवी लागलेला’. मॅडमच्या फाइलीचं नाव ‘मुखपृष्ठ (आतली बाजू)’. पोरांचं ‘पान ४ परत स्कॅन केलेलं नवीन’. यावर आमच्या धंद्यातला ठरलेला सल्ला असा की लोकांना सांगा, नावात स्पेस देऊ नका, अंडरस्कोर वापरा, कंस नको, मराठी तर नकोच. मला हा सल्ला पटत नाही. ‘वाळवी लागलेला’ हे त्या अंकाबद्दलचं खरं निरीक्षण आहे, ज्याने तो अंक हातात धरला त्याने केलेलं, आणि पुढे कोणी तो उघडेल त्याला ते उपयोगी पडणार आहे. स्पेस सांभाळायचं काम स्क्रिप्टचं आहे, काकांचं नाही. युनिक्सच्या, म्हणजे लिनक्स आणि मॅक ज्या घराण्यातले त्या सिस्टिमच्या, फाइलनावात फक्त दोन गोष्टी चालत नाहीत, एक स्लॅश आणि एक शून्य बाइट, म्हणजे नल. बाकी सगळं चालतं, अगदी नवी ओळसुद्धा. सिस्टिमने एवढी मोकळीक दिलेली असताना आपण स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी ती माणसांकडून काढून घ्यायची हे काही बरोबर नाही.

आता आत काय होतं ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. तुम्ही एक ओळ टाइप करता. ती ओळ त्या प्रोग्रामला कधीच दिसत नाही. शेल ती वाचतो, कोट्स म्हणजे अवतरणचिन्हं बघतो, स्टार (*) असेल तर त्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावं मांडतो, तुकडे करतो आणि मग कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणतो, हा प्रोग्राम चालव आणि हे तुकडे त्याला दे. तुकडे म्हणजे एकापाठोपाठ एक स्ट्रिंग्ज, अक्षरांच्या माळा, प्रत्येकीच्या शेवटी नल. प्रोग्रामला तयार यादी मिळते. विंडोजमध्ये उलटं आहे, तिथे नवीन प्रोसेसला अख्खी ओळ एकच स्ट्रिंग म्हणून जाते आणि तुकडे प्रोग्रामने आपापले करायचे, आणि त्यामुळे दोन प्रोग्राम एकच ओळ दोन तऱ्हांनी वाचू शकतात. युनिक्सने हे काम पहिल्यापासून शेलच्या बाजूला ठेवलं. अगदी सुरुवातीच्या युनिक्समध्ये तर स्टार उलगडायला ग्लॉब (glob) नावाचा वेगळा छोटा प्रोग्रामच होता, शेल त्याला बोलवायचा. मला ही रचना फार आवडते, कारण एकदा तुकडे पडले की ते पक्के असतात, ‘अंक ३ - वाळवी लागलेला’ हा एक तुकडा म्हणून निघाला की कर्नल त्याला हात लावत नाही, तो एकच राहतो.

मोडतोड होते ती स्क्रिप्टच्या आत. काकांनी नाव कोट्समध्ये नीट दिलं, स्क्रिप्टला डॉलर वनमध्ये एकच तुकडा मिळाला, आणि मग स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने तोच डॉलर वन पुढच्या कमांडला देताना डबल कोट घातले नाहीत. तिथे शेल पुन्हा कामाला लागतो, आलेल्या मजकुरात स्पेस शोधतो, परत तुकडे पाडतो, त्यात कुठे स्टार किंवा प्रश्नचिन्ह असेल तर तेही उलगडतो. एका फोल्डरचे पाच तुकडे होतात, ‘अंक’, ‘३’, नुसता डॅश, ‘वाळवी’ आणि ‘लागलेला’. पुढची कमांड म्हणते अशी फाइल नाही, आणि काकांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. काकांचं काहीच चुकलेलं नसतं. निरोप सांगणाऱ्याने बरोबर सांगितला, निरोप नेणाऱ्याने वाटेत शब्द फोडले.

सगळी आर्ग्युमेंट्स एकदम पुढे द्यायची असतील तर शेलकडे दोन खुणा आहेत, $* आणि $@. कोट्स नसतील तर दोन्ही सारख्याच वाईट, दोन्ही फोडतात. "$*" असं कोट्समध्ये लिहिलं तर सगळी आर्ग्युमेंट्स जोडून एकच लांबलचक स्ट्रिंग होते, मध्ये आयएफएस नावाच्या व्हेरिएबलचं पहिलं अक्षर, म्हणजे नेहमी स्पेस. लॉगमध्ये एक ओळ लिहायला ते ठीक. पण "$@" हे वेगळंच आहे. कोट्स एकदाच दिसतात पण लागू प्रत्येक तुकड्याला वेगवेगळे होतात, जितके आले तितकेच, जसे आले तसेच, रिकामा आला असेल तर रिकामासुद्धा. शेलच्या बाकी व्याकरणात हा अपवाद आहे, कोट्समधली गोष्ट एरवी एकच शब्द होते, इथे मुद्दाम नियम वाकवलाय, कारण आलेलं सगळं जसंच्या तसं पुढे पोचवायची काहीतरी सोय हवी होती. अख्ख्या शेलमधली माझी सगळ्यात आवडती चार अक्षरं हीच. आणि फॉर लूपमध्ये ‘इन’ लिहिलंच नाही तर शेल आपोआप "$@" वरच फिरतो, म्हणजे नीट वागणं हेच डिफॉल्ट ठेवलंय, हे बघून मला प्रत्येक वेळी बरं वाटतं.

हे आलं स्टीफन बोर्नच्या शेलमधून, बेल लॅब्जच्या १९७९ च्या सातव्या युनिक्सबरोबर. त्यातही एक कोपरा राहिला होता. आर्ग्युमेंट एकही नसेल तर "$@" चं काहीच व्हायला नको, पण त्या पहिल्या शेलमध्ये त्याचं एक रिकामं आर्ग्युमेंट व्हायचं. काहीच न सांगणं आणि रिकामं काहीतरी सांगणं यात फरक आहे, आणि ज्या लोकांना तो फरक जाणवला त्यांनी एक वळसा शोधला, पहिलं आर्ग्युमेंट असेल तरच "$@" घे, नाहीतर काहीच घेऊ नको, असं एका ओळीत सांगणारा. मूळ अडचण कधीच सुटली, पण सॉफ्टवेअर सोर्समधून बांधायच्या आधी चालवतात त्या कॉन्फिगर नावाच्या लांबलचक स्क्रिप्टमध्ये तो वळसा अजून दिसतो. मला दिसला की मी थांबून बघतो. कोणीतरी एवढ्याशा फरकासाठी एवढी काळजी घेतली होती.

काळजी घेतली नाही तर काय होतं त्याच्या तीन गोष्टी सांगतो, तिन्ही जगजाहीर आहेत.

पहिली २००१ ची. ॲपलने आयट्यून्स २ काढलं, त्याच्या इन्स्टॉलरमध्ये एक शेल स्क्रिप्ट होती, जुनी कॉपी पुसायची. कुठल्या डिस्कवरची पुसायची ते स्क्रिप्टला डॉलर टूमध्ये मिळत होतं आणि पुसणाऱ्या ओळीत त्याच्याभोवती कोट्स नव्हते. लोकांच्या डिस्कच्या नावात स्पेस होती, माणसं ठेवतात तशी साधी नावं, आणि काही जणांच्या डिस्कवरचा अख्खा डेटा गेला. ॲपलला ते मागे घेऊन २.०.१ काढावं लागलं. दुसरी २०११ ची, बम्बलबी नावाचा प्रोजेक्ट, लिनक्स लॅपटॉपवर एनव्हिडियाचं कार्ड चालवण्यासाठीचा. त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक लांब पाथ पुसायचा होता आणि स्लॅश यूएसआरनंतर चुकून एक स्पेस पडली. एका पाथचे दोन आर्ग्युमेंट्स झाले, त्यातलं पहिलं नुसतंच स्लॅश यूएसआर, म्हणजे सिस्टिमचे जवळपास सगळे प्रोग्राम जिथे राहतात तो फोल्डर. एक स्पेस, बाकी काही नाही.

तिसरी मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते, २०१५ च्या जानेवारीतली, व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीमची, म्हणजे गेम विकत घेऊन खेळायच्या प्रोग्रामची. लिनक्सवर स्टीम सुरू करणारी स्क्रिप्ट स्वतः कुठे ठेवलीय ते डॉलर झीरोवरून शोधायची. डॉलर झीरो म्हणजे ज्या नावाने स्क्रिप्टला हाक मारली ते नाव. त्यातून फोल्डर काढायचं, तिथे जायचं, तो पाथ एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. एकाने आपलं स्टीमचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं होतं, तो शोध फसला, व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि पुढे एक ओळ होती, हा पाथ, स्लॅश, त्यातलं सगळं पुसून टाक. पाथ रिकामा म्हणजे उरला नुसता स्लॅश. त्या माणसाच्या मालकीचं सगळं गेलं, जोडलेल्या बाहेरच्या ड्राइव्हवरचा बॅकअपसुद्धा. लिहिणाऱ्याने त्या ओळीच्या वर कॉमेंट टाकली होती, ‘स्केरी!’ अशी. आणि इथे कोट्स होते हो, कोट्स अगदी व्यवस्थित होते.

म्हणून मी आमच्या पोरांना सांगतो की कोट्स ही अर्धीच गोष्ट. आलेलं फोडू नका हे एक, आणि काहीच आलं नसेल तर आलंय असं धरून पुढे जाऊ नका हे दुसरं. शेलमध्ये त्यासाठी छोटीशी सोय आहे, डॉलर, महिरपी कंस, त्यात वन, कोलन, प्रश्नचिन्ह आणि मग तुमचा मेसेज. आर्ग्युमेंट नसेल किंवा रिकामं असेल तर स्क्रिप्ट तो मेसेज दाखवून तिथेच थांबते. ज्या ओळीत काही पुसलं जातं, हलवलं जातं, ओव्हरराइट होतं, तिथे हे असलंच पाहिजे, भले वर कितीही वेळा तपासलं असेल. शेलचेक नावाचं एक टूल आहे तेही प्रत्येक स्क्रिप्टवर चालवतो, कोट्स राहिले की ते लगेच ओरडतं, काही वेळा रिकाम्या पाथबद्दलही, पण त्याचा पूर्ण विचार शेवटी माणसालाच करावा लागतो.

ऑप्शनचं, म्हणजे डॅशने सुरू होणाऱ्या, स्क्रिप्टला कसं वागायचं ते सांगणाऱ्या आर्ग्युमेंटचं, प्रकरण मोठं आहे. दोन आर्ग्युमेंट्सपर्यंत लोकांना क्रम लक्षात राहतो, तोही कसाबसा. सिम्लिंक, म्हणजे एका फाइलकडे बोट दाखवणारं दुसरं नाव, करताना आधी मूळ फाइल की आधी नवीन नाव, यात वर्षानुवर्षं लिनक्स वापरणारे लोक अडकताना मी बघितलेत. तीन झाली की हमखास अदलाबदल होते. म्हणून ज्या दोन गोष्टींची अदलाबदल झाली तर नुकसान होईल त्यांना नाव द्यावं, म्हणजे ऑप्शन करावा, हा माझा नियम. बॅश या नेहमीच्या शेलमध्ये आणि पॉझिक्स हे मानक पाळणाऱ्या प्रत्येक शेलमध्ये गेटऑप्ट्स आहे, एक डॅश आणि एक अक्षर असे ऑप्शन ते छान वाचतं, एकत्र चिकटवलेले पण. लांब नावं त्याला येत नाहीत. गेटऑप्ट नावाची जुनी वेगळी कमांड आहे, शेवटच्या ‘ट्स’शिवाय, तिची मूळची तऱ्हा तर नावातल्या स्पेस सांभाळूच शकत नाही, लिनक्सवर सुधारलेली मिळते पण मॅकवर जुनीच, त्यामुळे मी तिच्या वाटेला जात नाही. मी साधा व्हाइल लूप, केस आणि शिफ्ट वापरतो, म्हणजे एकेक आर्ग्युमेंट केसने ओळखायचं आणि शिफ्टने पुढच्यावर सरकायचं. त्यात एक खड्डा आहे तो मात्र सांगतो. ऑप्शन आणि त्याची किंमत, म्हणजे त्याच्यापुढे दिलेला शब्द, वाचून झाली की दोन घरं पुढे सरकायचं म्हणून शिफ्ट टू लिहितात. पण कोणी शेवटी नुसताच ऑप्शन दिला आणि किंमत विसरला, तर बॅशमध्ये शिफ्ट टू फेल होतं आणि काहीच सरकवत नाही, एक घरसुद्धा नाही, मग लूप तिथेच फिरत राहतो आणि समोरच्याला वाटतं काम चालू आहे. मॅडम अर्धा तास चहा पिऊन येतात आणि स्क्रीन तशीच. म्हणून सरकायच्या आधी डॉलर हॅश बघायचा, दोन आहेत का, नसतील तर सांगायचं की बाई, या ऑप्शनपुढे वर्ष राहिलं.

दोन डॅशचं पण बोललं पाहिजे. नुसते -- आले की त्यानंतरचं काहीही ऑप्शन नाही, सगळी नावंच, असा संकेत आहे आणि तो फार कामाचा आहे. कारण फाइलचं नाव डॅशने सुरू होऊ शकतं आणि स्टार उलगडून ते नाव कमांडला मिळालं की कमांड त्याला ऑप्शन समजते. आमच्याकडे पोरं अनुक्रमणिकेच्या पानांना ‘-१ पान’, ‘-२ पान’ अशी नावं देतात, म्हणजे मुख्य अंकाच्या आधीची पानं, त्यामागचा विचार चांगलाच आहे. स्क्रिप्टने पुढच्या कमांडला "$@" देताना आधी -- टाकले की प्रश्न मिटतो.

मराठीचं म्हणून एक वेगळं जग यात आहे, ते मला कुठे लिहिलेलं सापडत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं धरून. ‘क्ष’ दिसतो एक, असतात तीन चिन्हं, म्हणजे ९ बाइट. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे आपली फार तर ८५ चिन्हं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही मर्यादा जवळपास कधीच लागत नाही, आपल्याला लागते, लेखाचं शीर्षक, लेखक आणि पान नंबर घातला की संपलं. मग पानाचा नंबर. काका ‘५’ टाइप करतात, आणि शेल त्याची तुलना करायला गेला की म्हणतो हा पूर्णांक नाही, कारण त्याला इंग्रजी आकडेच कळतात. मी आर्ग्युमेंट आत घेतल्याबरोबर सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने मराठी आकडे बदलून घेतो. सेडनेच, टीआर ही अक्षरं बदलणारी कमांड वापरून नाही, लिनक्सवरचं नेहमीचं टीआर एकेका बाइटवर चालतं आणि तीन बाइटच्या आकड्याचे ते तुकडे करतं.

आणि सगळ्यात छळणारं म्हणजे ‘ऱ’. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘बिचाऱ्या’ यातला तो अर्धा र. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकच चिन्ह म्हणून किंवा र आणि त्यानंतर नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, अशी जोडी म्हणून. मॅकची जुनी फाइलसिस्टिम नावं साठवताना अशी चिन्हं सुटी करून ठेवायची. तिथून कॉपी होऊन आलेल्या फाइलचं नाव लिनक्सवर हाताने टाइप केलं की दिसायला तंतोतंत तेच, पण बाइट वेगळे, आणि उत्तर येतं की अशी फाइल नाही. समोर दिसतेय आणि नाही म्हणतोय! सांगणाऱ्याने अशा वेळी काय करायचं? टॅब दाबून नाव पूर्ण करून घेतलं तर खरे बाइट येतात, ते आम्ही सगळ्यांना शिकवलंय, पण खरं म्हणजे स्क्रिप्टने फाइल नाही म्हणायच्या आधी दुसऱ्या तऱ्हेने लिहून बघायला हवं, आणि आमची आता बघते.

पानं खूप झाली की अजून एक भिंत लागते. एका कमांडला द्यायच्या आर्ग्युमेंट्सची एकूण लांबी मर्यादित आहे. लिनक्सवर २००७ पर्यंत ती १२८ केबी होती, २.६.२३ कर्नलपासून ती स्टॅकच्या, म्हणजे चालू प्रोग्रामला मिळणाऱ्या एका मेमरीच्या, मर्यादेच्या पाव भागाएवढी झाली, नेहमीच्या सेटिंगला साधारण २ एमबी. मराठी लांब पाथ असतील तर तेही भरतं. पण ही मर्यादा नवीन प्रोग्राम सुरू करतानाच लागते, शेलच्या आतल्या फॉर लूपला लागत नाही, त्यामुळे नावं लूपमध्ये घ्यायची किंवा शेलच्याच प्रिंटएफने मध्ये नल घालून एक्सआर्ग्स या यादीचे गट पाडून देणाऱ्या कमांडला झीरो ऑप्शनसकट (-0) द्यायची, काम होतं. आणि पासवर्ड कधी आर्ग्युमेंट म्हणून घेऊ नका, चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी पीएस कमांड लावणाऱ्या दुसऱ्या कुणालाही तो सहसा दिसू शकतो. यावर जास्त लिहीत नाही, घेऊ नका एवढंच.

मदतीचा मजकूर आम्ही मराठीत लिहिलाय. मदत मागितली तर तो सरळ आउटपुटवर येतो, म्हणजे पेजरमध्ये, पान पान सरकवत, वाचता येतो. चूक झाली असेल तर एररच्या वाटेने येतो आणि स्क्रिप्ट २ हा कोड देऊन संपते, बॅशच्या स्वतःच्या कमांड्ससुद्धा चुकीच्या वापराला २ च देतात. मजकुरात आधी नेमकं काय कळलं नाही ते, त्या माणसाने दिलेला शब्द जसाच्या तसा छापून, आणि मग एक पूर्ण उदाहरण, आमच्याच फोल्डरमधल्या नावाचं. ऑप्शनची वीस ओळींची यादी कोणी वाचत नाही, उदाहरण मात्र सगळे कॉपी करतात.

मध्यंतरी मॅडमनी विचारलं, “अरे, मेसेज मराठीत आहे, नावं मराठीत आहेत, मग ते डॅश-डॅश पुढचं तेवढं इंग्रजीत का?” मी बघितलं तर खरंच काही अडचण नव्हती. गेटऑप्ट्सला जमलं नसतं, पण केसला काय, ते नुसती स्ट्रिंग ताडून बघतं. मग --वर्ष, --अंक आणि --तपासा असे तीन ऑप्शन घातले, शेवटचा म्हणजे काहीही न बदलता काय काय करणार ते फक्त छापून दाखवायचा. इंग्रजी नावं पण ठेवली, कारण पोरांना कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो. काका मात्र आता मराठीतच देतात, प्रत्येक वेळी आधी --तपासा लावून, आलेली यादी वाचून, मग ते काढून पुन्हा एंटर. ‘ऱ’चं मात्र अजून बाकी आहे, ऑप्शनच्या नावात तो आला तर दोन्ही तऱ्हा केसमध्ये लिहाव्या लागतील, म्हणून --उताऱ्यासह असा एक ऑप्शन मॅडमना हवाय तो सध्या मी लिहितोय.